गावचा जावई आणि वर्षभराचा दर

नेटवाल्याला पाटावर बसवून, कुंकू लावून, टोपी-टॉवेल-नारळ देणारा अख्ख्या जळगावात मी एकटाच ग्राहक असेन. हसा खुशाल. माझी मुलगीसुद्धा फोनवर पोट धरून हसली होती. पण माणूस आमच्या गावचा जावई निघाला, त्याला मी काय करणार? आमचं गाव दोंडाईच्याकडचं. तिकडे गावातली लेक सगळ्या गावाची लेक असते आणि तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई. मग तो कलेक्टर असो की वायरी ओढणारा. तो पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला की रिकाम्या हातानं परत पाठवायचा नाही. मी नोकरीच्या निमित्तानं गाव सोडून तीस वर्षं झाली, पण ही खोड काही सुटली नाही.

नेट मला माझ्यासाठी नको होतं. मी एसटीतला रिटायर कंडक्टर. पेपर वाचतो, टपरीवर जाऊन चार लोकांशी वाद घालतो, माझा दिवस जातो. नेट हवं होतं बायकोसाठी. तिला गेल्या थंडीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत चालते, ते एक वेळ चाललं असतं. पण तिची वाचा गेली. कळायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी आहे, मी खोटं बोलतोय, सगळं. फक्त शब्द ओठापर्यंत येऊन अडकायचा. आणि ही बाई कशी, तर आमच्या घरातलं नव्वद टक्के बोलणं तिचं. मी गाडीवर दिवसभर ओरडून यायचो आणि घरी गप्प बसायचो. ती पूर्ण गल्लीची खबर ताटासोबत वाढायची. ते घर एकदम मुकं झालं हो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं परत येऊ शकतं, पण पहिले सहा महिने महत्त्वाचे. तेवढ्यात जेवढं मिळेल तेवढं मिळवा. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम नाशिकला होत्या. दोनदा तिला घेऊन गेलो, पण परत येताना तिची अवस्था बघवत नव्हती. मॅडमच म्हणाल्या, व्हिडिओवर करू, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकराला. मुलीनं पुण्याहून टॅब पाठवला. अडचण अशी की आमच्या भागात मोबाईलचं नेट म्हणजे असून नसल्यासारखं. मॅडमचा आवाज यायचा आणि तोंड उघडंच राहायचं. तोंड हलायला लागेपर्यंत आवाज पुढे निघून गेलेला. आणि हिला तर ओठच बघायचे होते! ‘प’ म्हणताना ओठ कसे मिटतात, ‘आ’ला किती उघडतात, ते बघून तिला करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, वायरचं नेट घ्या, त्याशिवाय जमणार नाही.

तर असे आमचे जावईबापू आले. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, कमरेला पक्कड. एका कंपनीची एजन्सी त्याच्याकडे होती. त्यानं रंगीत कागद दाखवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बारा महिने एकच दर, वाढ नाही. अट एवढीच, की वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर डिपॉझिट बुडणार. मी म्हटलं, पाहुणे, आपण दोघंही बारा महिने बांधलेले, बरोबर? तो म्हणाला, आबा, तुमच्याशी शब्द फिरवेन का? झालं. कनेक्शन हिच्या नावानं घेतलं, कारण आधारला जोडलेला नंबर हिचाच चालू होता. दर महिन्याला तो यायचा, मी पैसे द्यायचो, तो चहा प्यायचा आणि जायचा. पावती? मी मागितली नाही. एकदाही नाही. जावयाला पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं. तीस वर्षं लोकांच्या हातात तिकीट दिल्याशिवाय पुढच्या सीटकडे न गेलेला मी, पाच महिने बिनपावतीचे पैसे देत राहिलो आणि त्यात मला मोठेपणा वाटला.

पण नेट फर्स्टक्लास होतं, ते नाकारत नाही. टॅबवर मॅडमचा चेहरा समोर बसल्यासारखा दिसायचा. बायको साडेदहालाच तयार. डाव्या हातानं केस विंचरायची, जमेल तसे, आणि टॅबसमोर बसायची. पहिला शब्द आला ‘पाणी’. मग ‘नको’. तो आल्यावर मात्र आठवडाभर प्रत्येक गोष्टीला ‘नको’च! मग चहा, दार, भाकर, आणि एके दिवशी मुलीचं नाव. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला शब्द लिहून ठेवायचो. चौथा महिना संपला तेव्हा एकोणीस झाले होते. दोन शब्द जोडायला लागली होती, ‘चहा दे’, ‘दार लाव’. मी इतक्या हुकमांनी आयुष्यात कधी खूश झालो नव्हतो.

पाचवा महिना संपता संपता मोबाईलवर मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून दरात दोनशेची वाढ, सहकार्याबद्दल आभार. अहो, सहकार्य कुणी केलं? मला कुणी विचारलं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला. आणि इथे खरी गंमत. जावयावर ओरडता येत नाही! म्हटलं, “पाहुणे, घरची मंडळी बरी आहेत ना? बरं. मग हे वर्ष तुमच्याकडे पाच महिन्यांचं असतं का?”

“आबा, कंपनीनं वरून वाढवलंय. माझ्या हातात काय आहे?”

“कागदावर काय लिहिलंय मग?”

“मागच्या बाजूला बघा, आबा.”

मागच्या बाजूला बघितलं. चष्मा लावून बघितलं, मग मुलीनं फोनवर सांगितलं तसं मोबाईलनं फोटो काढून मोठं करून बघितलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की दरात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. म्हणजे मी सोडलं तर माझं डिपॉझिट बुडणार आणि त्यांनी शब्द सोडला तर त्यांचं काहीच नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, “पाहुणे, जळगावहून धुळ्याचं तिकीट फाडलं. गाडी पारोळ्याला आली. आणि मी पॅसेंजरला म्हणालो, भाऊ, डिझेल वाढलं, अजून वीस रुपये काढ, नाहीतर इथेच उतर. चालेल?”

तो हसला. “आबा, तुमचं बरोबर आहे हो. पण पूर्ण गल्लीनं भरले. तुम्ही एकटेच असे.”

हे ‘एकटेच असे’ मला फार लागलं. गल्लीत विचारलं. कुणी म्हणालं, दोनशेसाठी कोण डोकं लावतो. कुणी म्हणालं, सगळीकडे असंच आहे, आबा. मी ठरवलं, जुना दर तेवढाच द्यायचा, वर एक पैसा नाही. दिला. त्यानं मान हलवून घेतला. सोमवारी अकराला पाच कमी असताना नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. बायको टॅबसमोर केस विंचरून बसलेली. जावयाला फोन केला तर म्हणाला, “आबा, मी नाही केलं. पैसे पूर्ण आले नाहीत की सिस्टीम आपोआप बंद करते.”

आता माझी गाडी कशी अडकली बघा. तक्रार करायची तर गावच्या जावयाविरुद्ध कागद करायचा. उद्या गावात तोंड कसं दाखवायचं? तिकडे त्याच्या बायकोला, आमच्या गावच्या पोरीला, सासरी चार शब्द ऐकावे लागतील, की तुझ्या गावच्या म्हाताऱ्यानं तक्रार केली. आणि पैसे भरायचे तर मी हरलो. म्हणून मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. नुसता फणफणत राहिलो. टपरीवर जाऊन भाषणं दिली. कंपन्यांना, सरकारला, जमान्याला, सगळ्यांना शिव्या दिल्या. फक्त जावयाचं नाव घेतलं नाही. लोक ऐकायचे, बरोबर आहे म्हणायचे आणि बिडी विझवून उठायचे.

मोबाईलवर दोनदा मॅडमना लावून बघितलं. मॅडमचं तोंड उघडं, आवाज तुकड्या-तुकड्यात. बायकोनं दुसऱ्या वेळी टॅब पालथा करून ठेवला.

आता जे सांगतो ते मी मुलीलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बायकोनं माझ्या शर्टाची बाही ओढली. कपाटाकडे हात केला. मग लाल दिव्याकडे. मग माझ्या पाकिटाकडे. पुन्हा दिव्याकडे. याहून स्पष्ट माणूस काय सांगणार? पैसे भर. आणि मी म्हणालो, “काय हवंय? पाणी? मला कळत नाहीये.” कळत होतं. चांगलं कळत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या भुवईवरूनसुद्धा कळतं मला. पण कळलं असं म्हटलं असतं तर भरावे लागले असते. तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिची बोलती बंद झाल्याचा फायदा घेतला मी, दुसरं काही नाही. लाज वाटते. आजही हे लिहिताना वाटतेय.

अठरा दिवस असे गेले. ती ‘चहा दे’ म्हणायची थांबली. कप पुढे सरकवायची. मी स्वतःला सांगत होतो, रुसलीय.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात आमच्या गावची लेक, म्हणजे या जावयाची बायको. त्याच्या ऑफिसचं कॉम्प्युटरचं काम तीच बघते. ही पोर शाळेत असताना दोंडाईच्याला माझ्याच गाडीनं यायची. तेव्हा दोन वेण्या होत्या, आता केसांत पांढरं दिसायला लागलंय. तिनं बायकोच्या पाया पडून विचारलं, “अक्का, कशी शेस?” बायकोनं तोंड उघडलं. ओठ हलले. आणि काहीच आलं नाही. ‘बरी’ हा शब्द तिला येत होता. तेरावा शब्द होता तो.

पोरीनं माझ्याकडे बघितलं. “आबा, नेट कधीपासून बंद शे?”

मी सगळं सांगितलं. जावयाचा मान, तुझं सासर, गावात काय तोंड दाखवू, सगळं. मला वाटलं, पोरीला गहिवरून येईल. ती कसली! मध्येच तोडून म्हणाली, “आबा, तो गावना जवाई शे, गावना देव नही.”

मी चाट पडलो. ती मग अहिराणी सोडून शहरातल्या मराठीवर आली, म्हणजे राग आला होता तिला. म्हणाली, “मला सासरी कुणी काही बोलणार नाही, आणि बोललं तर मला तोंड आहे. दर कंपनीनं वाढवलाय, तक्रार कंपनीविरुद्ध होते. यांचा काय अपमान? आणि समजा झाला अपमान, तर होऊ द्या. अक्कांच्या बोलण्यापेक्षा मोठा आहे का तो?” मग म्हणाली, “गाडीत कुणी भाड्यावरून भांडायला लागलं की तुम्ही काय म्हणायचे, आठवतं? आधी तिकीट काढ भाऊ, मग तक्रारवही माग, मी स्वतः काढून देतो. गाडी का थांबवतो?”

म्हणायचो. हजारदा म्हणालो असेन. आधी भरा, निषेध नोंदवा आणि मग भांडा. लोकांना सांगताना किती सोपं वाटायचं. मी माझ्याच घरची गाडी अठरा दिवस रस्त्यात उभी केली होती, आणि आत बसलेली होती माझी बायको. मी त्याच वेळी, पोरीसमोर, वाढीव रक्कम भरली. तिनंच मोबाईलवर लिहून दिलं, की ही रक्कम मान्य नसताना, सेवा सुरू राहावी म्हणून भरत आहे. आणि संध्याकाळी तिनं आधीच्या पाचही महिन्यांच्या पावत्या पाठवल्या. पावत्या ऑफिसात पहिल्यापासून तयार होत्या. मी मागितल्या नाहीत, म्हणून तिच्या नवऱ्यानं दिल्या नाहीत. त्यालाही म्हणे वाटलं होतं, सासरच्या गावच्या माणसाला पावती देऊन परकं कशाला करायचं! आता बोला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमचा चेहरा लख्ख दिसला. त्यांनी कपाचं चित्र दाखवलं. बायको बघत राहिली. पाण्याचा पेला दाखवला. ‘प’साठी ओठ मिटले, आणि मिटलेलेच राहिले. दाराचं चित्र. नाही. एकोणीसपैकी सहा शब्द उरले होते. मॅडमनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? मी सांगितलं, दर वाढवला म्हणून भांडण चालू होतं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “अहो, भांडण चालू ठेवूनही नेट चालू ठेवता आलं असतं ना?” आणि मग हिला म्हणाल्या, “चला, आपण पुन्हा पहिल्यापासून करू.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

सहावरून शब्द पुन्हा वाढायला लागले. पण सावकाश, आधीपेक्षा सावकाश. काही शब्द अजूनही आलेले नाहीत. मुलीचं नाव आलं नाही. मुलगी फोनवर म्हणते, येईल हो बाबा, घाई काय. ती असं म्हणते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

तक्रारीचं सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्यातच अडकून राहायला नको. कंपनीनं दोन महिन्यांनी कळवलं, की वर्ष पुरं होईपर्यंत जुनाच दर राहील आणि जास्तीचे पैसे पुढच्या बिलातून वळते होतील. गल्लीतल्या आणखी चौघांनी मग तक्रार केली, त्यांचंही झालं. जावई घरी येतो, चहा पितो आणि आता खिशातून पावती काढून टेबलावर ठेवतो. आमचं काही बिनसलं नाही. मी विनाकारण घाबरलो होतो. पण मला सांगायचंय ते हे नाही. मला तो तक्रारीचा फोन सांगायचाय.

ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या हेल्पलाइनचा नंबर पोरीनं लावून दिला होता. मी कागद, पावत्या, रंगीत जाहिरात, सगळं टेबलावर मांडून बसलो. आता माझी वेळ होती. तीस वर्षांचा घसा! पलीकडे एक बाई होत्या, मराठीत बोलत होत्या. मी गाडी सुरू केली. पारोळ्याचा दाखला दिला, मुंगीच्या पायाचा दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?”

“बायकोच्या.”

“मग तक्रार त्यांची. त्यांची संमती घ्यावी लागेल. त्यांना फोन देता का?”

मी म्हटलं, “तिला बोलता येत नाही. अर्धांगवायू झालाय. तिच्या वतीनं मीच...”

माझं वाक्य पुरं झालं नाही. माझ्या मनगटावर चापट बसली. डाव्या हाताची, पण चांगली सणसणीत. बायको शेजारी कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. तिनं हात पुढे केला. मी म्हटलं, अगं, त्या बाई विचारतील, तुला जमणार नाही, कशाला त्रास. तिनं हात तसाच ठेवला. मी फोन दिला.

“हॅलो, कोण बोलतंय?” त्या बाईंचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

बायकोचे ओठ मिटले. उघडले. मानेची शीर तटतटली. मला शब्द माहीत होता. माझ्या तोंडात तयार होता तो, द्यायला मी पुढे झुकलोसुद्धा. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी परत मागे टेकलो.

“हॅलो?”

“मी,” ती म्हणाली.

बाई थांबल्या होत्या. फोन ठेवतील असं मला वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

“माझं,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, “नेट.”

“हो ताई, तुमचं नेट. सावकाश बोला, मला घाई नाही. काय झालं?”

तिनं टेबलाजवळची खुर्ची पायानं ओढली आणि बसली. फोन कानाला घट्ट लावला. तो फोन बावीस मिनिटं चालला. त्यात मी एक शब्दही बोललो नाही.